सांता रोझालियाचा डोंगर पायी चढायचा तर

सिसिलीतल्या पालेर्मो शहराची रक्षणकर्ती संत म्हणजे सांता रोझालिया, आणि तिचा डोंगर मोंते पेल्लेग्रीनो. आधी तारीख नीट धरा, कारण घोळ तिथेच होतो. जुलैतला ‘फेस्तिनो’ हा तिचा उत्सव शहरातला: १४ जुलैच्या रात्री रथ निघतो, क्वात्रो कांती चौकात महापौर ‘विवा पालेर्मो ए सांता रोझालिया’ असा जयघोष करतात, पुढे समुद्रकिनारी आतषबाजी. १६२४ च्या प्लेगात तिच्या अस्थी डोंगरावर सापडल्या. पुढच्या वर्षी त्या शहरातून मिरवल्या आणि साथ हटली, अशी श्रद्धा आहे. डोंगर चढायचा तो सप्टेंबरात. ४ तारीख ही तिची पुण्यतिथी, म्हणून ३ च्या रात्रीच लोक निघतात. या चढणीला तिथे ‘आक्क्यानाता’ म्हणतात.

सुरुवात फिएरा देल मेदितेर्रानेओच्या मैदानाजवळून, डोंगराच्या पायथ्याशी. गाड्यांचा रस्ता वळणं घेत वर जातो; तो सोडून सतराव्या शतकातली फरसबंद वाट धरा. ती गाडीरस्त्याला मधेमधे छेदते. तिथे पलीकडे वाट कुठे सुरू होते ते बघूनच रस्ता ओलांडा, नाहीतर चुकून डांबरी रस्त्याने लांबचा फेरा पडतो. देवस्थान समुद्रसपाटीपासून सुमारे ४३० मीटरवर आहे. बेताने चाललं तर तास-सव्वा तास. गर्दीच्या रात्री जास्त धरा.

दगड झिजून गुळगुळीत झालेत. सपाट तळाची चप्पल चढताना चालून जाते, उतरताना घसरते. पकड असलेले बूट घाला. अनवाणी चढायचा नवस असेल तर रात्रीच चढा (दिवसा फरशी तापते) आणि परतीसाठी बूट पिशवीत ठेवा. माणशी दीड लिटर पाणी, एक टॉर्च. खांदे झाकणारा कपडा हवाच, आणि एक पातळ जॅकेटही: घामाने भिजलेल्या अंगाने गुहेत शिरलात की गारठा झोंबतो.

देवळाचा दर्शनी भाग साधाच आहे. खरं देवस्थान मागच्या गुहेत. छतातून सतत पाणी ठिबकतं. ते खाली सांडू नये म्हणून पत्र्याच्या पन्हाळी खडकाला वेड्यावाकड्या लटकवल्यात आणि त्यांतून ते एका जागी गोळा होतं. भाविक हे पाणी पवित्र मानतात. काचेआड संगमरवरी रोझालिया पहुडलेली आहे, अंगावर सोन्याचा झगा. जर्मन कवी गटेसुद्धा १७८७ मध्ये ही मूर्ती बघून भारावला होता. फोटोची घाई नको. पुढच्याला जागा करून द्या आणि भिंतींवरचे नवसाचे चांदीचे हातपाय सावकाश बघा.

पालेर्मोत राहणारे श्रीलंकेतले तमिळ हिंदूही तिला मानतात, एरवीच्या रविवारीसुद्धा वर येतात. गर्दी टाळून दर्शन हवं असेल तर असाच एखादा साधा दिवस बरा. फक्त दुपारी देऊळ बंद असण्याची शक्यता धरून उघडण्याच्या वेळा आधी बघा.

गुडघे कुरकुरत असतील तर चढा पायी, उतरा बसने. उतरणीत त्यांच्यावर जास्त भार येतो. ८१२ क्रमांकाची बस देवस्थानापर्यंत येते. शेवटची बस कितीची ते खालीच विचारा आणि परतीचं तिकीट शहरातच घेऊन ठेवा. वर मिळेल या भरवशावर राहू नका.