स्वतःला गंडवताना स्वतःलाच रंगेहाथ कसं पकडायचं

आमच्या लोखंडी कपाटात एक खण आहे, त्यात नको असलेली पण टाकवत नाहीत अशी सगळी कागदं जातात, जुनी लाइट बिलं, टीव्हीचं वॉरंटी कार्ड, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका. त्याच खणात माझा ब्लड रिपोर्ट चार महिने पडून होता. एचबीएवनसी ७.९. ज्यांच्या घरात अजून शुगर शिरलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगते आणि ६.५ किंवा त्याच्या वर आलं की डायबेटिस. म्हणजे काठावर वगैरे काही नव्हतं, सरळ सरळ होता. मी रिपोर्ट फाडला नाही, लपवला असंही तेव्हा मला वाटलं नाही, फक्त "नंतर बघू" म्हणून ठेवला. वॉरंटी कार्डाच्या खाली.

फेब्रुवारीत बायको रेशनकार्ड शोधत होती तेव्हा तिच्या हाताला लागला. ती एवढंच म्हणाली, "अहो, हे कधीचं?" बास. आणि पुढच्या दहा मिनिटांत मी जे काय बोललो ते असं: त्या लॅबवाल्यांचं काही खरं नसतं, सॅम्पल बदलतात. आदल्या दिवशी लग्नात जेवलो होतो ना, म्हणून आलं असेल. (एका जेवणाने तीन महिन्यांची सरासरी कशी बदलेल, पण बोललो.) आमचे अण्णा शुगर घेऊन ८८ वर्षं जगले. टेन्शन तुलाच आलंय, मी मस्त आहे. आणि शेवटी लेक बिचारी "बाबा, चार्जर कुठाय" विचारायला आली तर तिच्यावर असा ओरडलो की शेजारच्या काकू दार उघडून बघायला लागल्या.

मानसशास्त्रात ज्याला डिफेन्स मेकॅनिझम म्हणतात, म्हणजे नकोसं सत्य टाळायला मन आपोआप जे बचाव करतं, त्यातले चार-पाच मी दहा मिनिटांत एकट्याने करून दाखवले होते, कळलं मात्र नंतर. हे जे नंतर कळतं ते जरा लवकर कसं कळेल एवढ्यासाठी हे लिहितोय. मी काही डॉक्टर नाही, पण स्वतःला गंडवण्याचा अनुभव दांडगा आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी, कंटाळा आला तर सोडा

मनोविश्लेषण सुरू करणारा व्हिएन्नाचा डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड, त्याने १८९४ च्या एका निबंधात मनाच्या या बचावाबद्दल पहिल्यांदा लिहिलं, पण त्याची नीट यादी करून, एकेकाला वेगळं काढून दाखवलं ते त्याच्या मुलीने, अ‍ॅना फ्रॉइडने, १९३६ मध्ये. ते पुस्तक तिने बापाला त्याच्या ८० व्या वाढदिवसाला दिलं, आता बापाला वाढदिवसाला असलं पुस्तक देणारी लेक म्हणजे घरात काय वातावरण असेल बघा. फ्रॉइडच्या बाकीच्या थिअऱ्यांवर आज भरपूर टीका होते, ही कल्पना मात्र टिकलीये.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, खोटं बोलणं वेगळं आणि हे वेगळं. खोटं बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत असतं. इथे मन तुम्हाला विचारतच नाही, परस्पर व्यवहार करून मोकळं होतं, म्हणून "मी आत्ता डिनायलमध्ये (म्हणजे खरं नाकारत) आहे का" असं स्वतःला विचारून काही उपयोग नाही, उत्तर "छे छे" असंच येणार. चोर दिसत नाही, चोराची पावलं दिसतात. ती कुठे बघायची ते सांगतो.

म्हणी उलट्या लावून बघा

आपल्या आज्यांना हे सगळं व्हिएन्नाला न जाता माहीत होतं. मांजर डोळे मिटून दूध पितं, हा झाला नकार. नाचता येईना अंगण वाकडं, हे समर्थन, म्हणजे रॅशनलायझेशन. चोराच्या उलट्या बोंबा, हे प्रक्षेपण, आपल्या पोटातलं दुसऱ्याच्या माथी. वड्याचं तेल वांग्यावर, हे विस्थापन, साहेबांवरचा राग घरी येऊन पोरावर. पण गंमत बघा, या सगळ्या म्हणी आपण दुसऱ्याला हाणायलाच वापरतो. "आज मी वड्याचं तेल वांग्यावर काढलं" असं कुणी स्वतःबद्दल म्हणताना मी तरी ऐकलेलं नाही. तर रात्री अंथरुणावर पडल्यावर एवढंच करायचं, या चार म्हणी एकेक करून "आज मी" लावून म्हणायच्या. तीन कोरड्या जातात. चौथी टोचते. जी टोचली तिच्याजवळ जरा थांबायचं.

कारणं मोजा

ही माझी सगळ्यात कामाला आलेली युक्ती. खरं कारण बहुतेक वेळा एकच असतं आणि छोटं असतं. "का आला नाहीस?" "विसरलो." संपलं. पण तुम्ही एका प्रश्नाला चार कारणं देताय, तीही कुणी न मागता, तर थांबा. माझ्या वरच्या भाषणात लॅब, लग्न, अण्णा, बायकोचं टेन्शन अशी चार होती आणि त्यांचं एकमेकांशी जमतही नव्हतं, कारण लॅब खोटी असेल तर लग्नातल्या जेवणाचा प्रश्नच येत नाही.

आणि समर्थन म्हणजे धडधडीत खोटं असेल अशी अपेक्षा ठेवू नका, त्यातलं प्रत्येक वाक्य खरं असू शकतं, फक्त अर्धं असतं. अण्णा ८८ वर्षं जगले हे खरंच आहे. शेवटची सहा वर्षं त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, हे मी त्या वाक्यात कधीच घेत नाही. गेली कित्येक वर्षं मी ते वाक्य लोकांना ऐकवतोय, लग्नात, ऑफिसात, जेवताना दुसरी वाटी श्रीखंड घेताना, आणि दर वेळी ते ८८ वरच संपतं. म्हणून तुमचं जे आवडतं ठेवणीतलं वाक्य असेल ते घ्या आणि त्याच्या पुढे "पण" लावून ते पूर्ण करा. जमेना झालं तर बरोबर जागी आलात.

राग कुठल्या मापाचा आहे

चार्जरसाठी एवढा आवाज लागत नाही. विषय दोन रुपयांचा आणि राग दोनशेचा असेल तर उरलेले एकशे अठ्ठ्याण्णव कुठून आले ते शोधायचं, आणि ते शोधायला दिवस उलटा चालवायचा, ओरडलो त्याच्या आधी काय झालं, त्याच्या आधी काय, असं करत. फार मागे जावं लागत नाही. माझ्या केसमध्ये तर तीन मिनिटं.

याचाच दुसरा प्रकार म्हणजे नको इतका गोडवा, ज्या माणसाचा मनातून वैताग आलाय त्याच्याशी आपण अति प्रेमाने वागतो. जावा-जावांमध्ये, भागीदारांमध्ये हे फार दिसतं, त्यावर जास्त बोलत नाही, आमच्याकडे नातेवाईक वाचतात.

हात कुठे जात नाही ते बघा

प्रत्येकाचा एक खण असतो. कुणाचं बँकेचं अ‍ॅप, कुणाचं होम लोनचं स्टेटमेंट, कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये एकाच मित्राचा मेसेज तीन आठवडे न उघडता, कुणाला गावाकडच्या भावाचा फोन आला की नेमकी आंघोळीची वेळ होते. हे सापडायला सोपं आहे कारण इथे मनात डोकवावं लागत नाही, घर आणि मोबाइल बघितला की झालं. रविवारी एक चक्कर मारा आणि जी गोष्ट "नंतर" साठी ठेवलीय त्यावर बोट ठेवा. लगेच उघडायची सक्ती करू नका, आधी नुसतं मान्य करा की हो, हा माझा खण.

लिहा, पण तीनच ओळी

डायरी वगैरे नको, डायरीत आपण पुन्हा छान छान समर्थनं लिहितो. तीन ओळी. पहिली, काय घडलं. दुसरी, मी काय बोललो, शब्दशः. तिसरी "मला भीती वाटते की" अशी सुरू करायची आणि पेन न उचलता संपवायची. तिसरी जमत नसेल तर "मी" काढून "हा माणूस" लिहा, ह्या माणसाला कसली भीती वाटते. दुसऱ्याबद्दल आपण किती पटकन सांगतो ते माहीतच आहे.

माझ्या पहिल्या कागदावर असं होतं:
बायकोला रिपोर्ट सापडला.
"लॅबवाल्यांचं काही खरं नसतं."
ह्या माणसाला भीती वाटते की ह्याचाही पाय कापतील.

लिहून झाल्यावर मी उठून चहा केला आणि बिनसाखरेचा प्यायलो, फार घाण लागला.

एक माणूस शोधा जो तुम्हाला घाबरत नाही

निंदकाचं घर शेजारी असावं म्हणतात, पण निंदक नको, जीव लावणारा आणि तोंडाने फटकळ असा पाहिजे. माझी थोरली बहीण तशी आहे. तिला फोन करून विचारलं, ताई, मी कुठे कुठे पळ काढतो गं? नियम मीच घातला होता, ती बोलत असताना मी फक्त "बरं" म्हणणार आणि उत्तर दुसऱ्या दिवसाशिवाय द्यायचं नाही. हा नियम तुम्ही पण पाळा, नाहीतर वकिली सुरू होते. ती म्हणाली, "अरे, अण्णांच्या पायाचं ड्रेसिंग करायची वेळ झाली की तुझं नेहमी काहीतरी काम निघायचं, आठवतंय का? कधी बँक, कधी गॅसचा नंबर. मी आणि आई काही बोललो नाही तुला." मी "बरं" म्हणालो. त्या दिवशी दुसरं काही म्हणायची सोय नव्हती हे बरंच झालं.

हुशार लोकांनी इथे सावध राहा

एक मेकॅनिझम शिकलेल्या लोकांना फार आवडतो, विषयाचा अभ्यास करणं. रिपोर्ट सापडल्यावर मी महिनाभर इन्सुलिन रेझिस्टन्सवर इतकं वाचलं की ऑफिसात लोक मला विचारायला लागले, कुठल्या तांदळाचा ग्लायसेमिक इंडेक्स किती वगैरे. त्या महिन्यात मी एकदाही शुगर मोजली नाही, डॉक्टरची अपॉइंटमेंटही नाही. याला इंटलेक्च्युअलायझेशन म्हणतात, भावना नको म्हणून माहिती. असले लेख शोधून शोधून वाचणं हेसुद्धा त्यातच येतं, तेव्हा इथपर्यंत वाचलंत ना, आता मोबाइल बाजूला ठेवून तो खण बघून आलात तरी चालेल, पुढचं कुठे पळून जात नाही.

दुसऱ्यावर वापरू नका

नवऱ्याला, सासूला, बॉसला "तुम्ही डिनायलमध्ये आहात" असं सांगायची जबरदस्त खाज सुटेल. सांगू नका. या वाक्याला समोरच्याकडे उत्तरच नसतं, हो म्हणाला तर तुम्ही बरोबर आणि नाही म्हणाला तर बघा, डिनायल! माझी बायको मानसशास्त्रातलं काही शिकलेली नाही, ती "हे कधीचं?" एवढंच विचारून गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याचंच जास्त लागलं.

आणि काही बचाव असू द्यावेत. नुकतंच कुणी गेलंय आणि घरातलं माणूस काही झालंच नाही अशा थाटात पाहुण्यांना चहा विचारतंय, तर विचारू द्या. हाड जुळायच्या आधी प्लास्टर कापत नाहीत. जुनी मारहाण, अत्याचार, व्यसन, जीव नकोसा होणं, असलं काही खणात असेल तर एकट्याने उघडायला जाऊ नका, समुपदेशक किंवा सायकियाट्रिस्ट गाठा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं.

मग करायचं काय, सगळे बचाव सोडून द्यायचे?

जमणार नाही, आणि गरजही नाही. जॉर्ज व्हॅलंट नावाचे एक सायकियाट्रिस्ट होते, हार्वर्डच्या काही विद्यार्थ्यांचा १९३८ पासून वर्षानुवर्षं पाठपुरावा चालला होता, तो अभ्यास पुढे त्यांच्याकडे आला. त्यांनी या बचावांच्या पायऱ्या लावल्या, कच्चे कुठले आणि पिकलेले कुठले. पिकलेल्यांत विनोद, दुसऱ्याच्या कामी येणं, आधीच तयारी ठेवणं, कळ कामात किंवा कलेत उतरवणं, आणि जाणूनबुजून बाजूला ठेवणं. असे बचाव वापरणाऱ्यांचं पुढचं आयुष्य एकूण बरं गेलं असं त्यांना दिसलं. सगळे अमेरिकन पुरुष, तेही हार्वर्डचे, त्यामुळे आपल्याला किती लागू ते तुम्ही ठरवा.

मला त्यातला शेवटचा सगळ्यात उपयोगी वाटतो. "नंतर बघू" आणि "शनिवारी सकाळी दहाला बघू" यात मला सगळा फरक दिसतो. पहिल्यात कागद वॉरंटी कार्डाखाली जातो, दुसऱ्यात फ्रिजवर मॅग्नेटने लागतो. शनिवारपर्यंत मजेत विसरा, परवानगी आहे, कुणी काही म्हणणार नाही. विनोदाचं मात्र जपून, मीच हा सगळा लेख विनोदी करत आणलाय आणि ताईच्या फोनबद्दल चारच ओळी लिहिल्यात हे माझ्याही लक्षात आलंय.

मागच्या आठवड्यात नवीन रिपोर्टची पीडीएफ आली, त्याच लॅबमधून. मी ती आधी न बघता बायकोला फॉरवर्ड केली आणि मग उघडली. ७.०. आणि शप्पथ सांगतो, मनात पहिला विचार आला तो असा: तशी लॅब चांगली आहे हो ही, भरवशाची.