सातबाऱ्यावर आजोबा आणि माझी शिष्यवृत्ती

महाडीबीटीचा, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा, फॉर्म भरायला मला चाळीस मिनिटं लागली. त्याला जोडायचा एक दाखला मिळवायला पाच महिने लागले, तोवर त्या वर्षाची मुदत संपून गेली होती. तीस हजार हातचे गेले. ही गोष्ट २०१८ सालची, पण अजून आमच्या देवगड तालुक्यातली कुणी ओळखीची मुलगी "ताई, फॉर्मची शेवटची तारीख काय?" असं विचारते तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. तारखेचं नंतर बघू, आधी सांग, सातबारा कुणाच्या नावावर आहे?

पोर्टलवर लॉगिन कसं करायचं, उत्पन्नाचा दाखला कुठे काढायचा, डोमिसाइल म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत असणार. नसेल तर गावातल्या सेतूवाल्याला ते पाठ असतं. मी त्या योजनेबद्दल लिहितेय जिच्यात मी फसले, आणि आपल्याकडची निम्मी मुलं फसतात असं मला वाटतं: डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. खुल्या प्रवर्गातून व्यावसायिक कोर्सला कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतला की शाहू महाराजांच्या नावाच्या योजनेतून निम्मी ट्यूशन फी सुटते, ती सगळ्यांना ठाऊक असते. हॉस्टेलच्या भत्त्याचा विचार बहुतेक जण करतच नाहीत. आमच्या वेळी अल्पभूधारक शेतकऱ्याच्या किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलांना मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ३०,००० आणि इतरत्र २०,००० मिळायचे. आकडे नंतर वाढवले गेले आहेत, चालू वर्षाचा जीआर, म्हणजे शासन निर्णय, स्वतः वाचा. सीनियरच्या व्हॉट्सअॅपवर आलेला तीन वर्षांपूर्वीचा स्क्रीनशॉट म्हणजे जीआर नव्हे.

आता फसले कशी ते.

माझं कॉलेज नवी मुंबईत, घर देवगडजवळ. वडिलांची भातशेती आणि आंब्याची सात कलमं. अल्पभूधारक नाही तर कोण, असं मी धरूनच चालले होते. दोन हेक्टरपर्यंतची जमीन असली की तो दाखला मिळतो, आणि आमच्याकडे तर वाफे मोजायलाही एका हाताची बोटं पुरतात. तहसील कार्यालयातल्या बाईंनी सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खात्याचा उतारा, समोर धरला आणि विचारलं, "यात तुझ्या बाबांचं नाव कुठे आहे?"

नव्हतं. होती ती आजोबांची आणि त्यांच्या दोन भावांची नावं. आजोबा १९९८ साली मुंबईत वारले. वीस वर्षं त्या सातबाऱ्यावर ते जिवंत होते. बाबा दर पावसाळ्यात तीच जमीन नांगरत होते, सोसायटीत तिच्याबद्दल बोलत होते, बांधावरून भांडत होते. कागदावर मात्र ते त्या जमिनीचे कुणीच नव्हते. वर आठ-अ वर तिन्ही भावांचं मिळून चार हेक्टरचं सामायिक खातं, म्हणजे वरवर बघणाऱ्याला आम्ही अल्पभूधारकसुद्धा नाही. प्रत्यक्षात आजोबांचा तिसरा हिस्सा, त्यात आजी, बाबा, काका आणि दोन आत्या असे पाच वारस. बाबांच्या वाट्याला पाऊण एकराच्याही आत. पण हे गणित सातबाऱ्यावर लिहिलेलं नसतं, ते आपण मांडून दाखवावं लागतं.

कोकणात हे घरोघरी आहे. माणसं मुंबईला गेली, तिथेच गेली, आणि वारस नोंद करायला कुणी गावी आलं नाही. जमीन विकायची नसेल तर कुणाचं काही अडत नाही. अडतं ते घरातल्या पोराला पहिल्यांदा दाखला लागतो तेव्हा.

१३ सप्टेंबरला गणपती होते. मुंबईचे काका सहकुटुंब आले होते, दोन्ही आत्या आल्या होत्या, म्हणजे सगळे वारस एका छपराखाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची आरती झाली, खिरापत वाटून झाली आणि बाबांनी अर्ज पुढे केला. काकांनी चष्मा लावला, दोन ओळी वाचल्या, आणि कागद घडी करून पानाच्या डब्याखाली ठेवला. "आज सही, उद्या जमीन," एवढंच म्हणाले. बाबा काही बोलले नाहीत. बाबा काही बोलत नाहीत तेव्हा ते वातीची काजळी झाडत बसतात, तसे बसले. बोलली ती आजी, आतून, तांदूळ निवडता निवडता. "नाव चढवलां म्हणान वाटणी जाता काय रे? तेच्या नावाबरोबर तुजाव नाव चढतला मां!"

ब्याऐंशी वर्षांच्या बाईला जे कळलं होतं ते मला दोन महिन्यांनी कळलं, म्हणून खुलासा करून सांगते. वारस नोंद म्हणजे वाटणी नाही. मेलेल्या माणसाच्या जागी त्याच्या सगळ्या वारसांची नावं लागतात, सामायिकच. कुणाचा हिस्सा कमी होत नाही, कुणाचा वाढत नाही. वाटणी हा पूर्ण वेगळा अर्ज, वेगळा खर्च, वेगळी भांडणं. हक्कसोडपत्र हे तिसरंच. गावात या तिन्ही गोष्टींना एकच शब्द वापरतात, "नाव लावणं", आणि तिथेच घरं फाटतात. घरी विषय काढाल तेव्हा पहिलं वाक्य हेच असू दे: वाटणी नको, फक्त वारस नोंद.

आणि आत्यांची नावं गाळू नका. "त्या तर दिल्याघरी गेल्या, कशाला उगाच" असं सांगणारा एक तरी शहाणा प्रत्येक वाडीत असतो. मुलगी वारस असते, लग्न झालेलं असो वा नसो. नाव लपवून केलेली नोंद पुढे कुणी हरकत घेतली की उलटते, आणि तेव्हा तुमचा दाखला त्याच नोंदीवर उभा असतो. माझ्या धाकट्या आत्येने सगळ्यांत आधी सही केली, हेही नोंदवून ठेवते.

काम चालतं ते असं. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं-पत्ते-वय आणि नातं सांगणारं प्रतिज्ञापत्र, वंशावळ, सातबारा. अर्ज तलाठ्याकडे. हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण तलाठी कार्यालयात जाऊन तसं विचारलंत तर शिपाईसुद्धा थांबून बघेल. आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-क मध्ये नोंद, मग फेरफार, मग सगळ्या संबंधितांना नोटीस आणि हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकारी मंजुरी देतात आणि नाव सातबाऱ्यावर येतं. कागदावर महिन्याभराचं काम आहे. आमचं लांबलं ते मृत्यूच्या दाखल्यापायी. आजोबा मुंबईत वारले, तर दाखला गावच्या ग्रामपंचायतीत कसा मिळणार? तो ज्या वॉर्डात मृत्यू झाला तिथल्या महापालिका कार्यालयात. त्यात आजोबांचं नाव एक, सातबाऱ्यावर टोपणनाव दुसरं; दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. काकांनी शेवटी दिवाळीनंतर सही दिली. का दिली ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

म्हणून माझं ठाम मत: कोकणातल्या मुलाने शिष्यवृत्तीची तयारी अकरावीच्या मे महिन्यात सुरू करावी. मे महिन्यात चाकरमानी गावात असतात, शिमग्यालाही असतात. गणपतीत असतात खरे, पण तोवर प्रवेश होऊन गेलेला असतो आणि मुदत डोक्यावर. आत्ता बसल्या जागी महाभूमीच्या साइटवर पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढा आणि नावं वाचा. मेलेल्या माणसाचं नाव दिसलं की समजा कामाला लागायचं आहे.

दलालांबद्दल थोडं. तहसीलबाहेर टपरीवर बसणारा एक जण माझ्या बाबांना म्हणाला होता, "चार हजार द्या, नाव-बिव काही लागत नाही, दाखला काढून देतो." बाबांनी दिले नाहीत. पैसे नव्हते म्हणून दिले नाहीत, तत्त्वासाठी नव्हे, पण वाचलो. दाखल्यावर बारकोड असतो, कॉलेजात पडताळणी होते, आणि खोटा निघाला तर फक्त ही नाही, पुढच्याही सगळ्या योजना जातात. सायबरवाल्यांचं दुसरं दुखणं: ते प्रोफाइलला स्वतःचा मोबाइल नंबर टाकतात. मग अर्ज कॉलेजकडून दुरुस्तीसाठी परत आला तर मेसेज त्यांना, आणि त्यांचं दुकान शिमग्याला बंद. नंबर स्वतःचा, पासवर्ड स्वतःचा, वहीत लिहिलेला.

मार्गदर्शक म्हणाल तर करिअरवर व्याख्यानं देणाऱ्या सरांचा मला काडीचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला आमच्या गावच्या कोतवालाचा. तलाठी कुठल्या वारी कुठल्या गावात बसतात, मंडळ अधिकारी कधी रजेवर आहेत, हे त्याला घड्याळासारखं माहीत. चहा पाजा, नीट बोला, त्याला "अहो" म्हणा.

बाकीचं भरभर सांगते. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणून एप्रिलनंतरचाच काढा. पैसे तुम्ही फॉर्मात लिहिलेल्या खात्यात नाही, तर आधारला सगळ्यांत शेवटी जोडल्या गेलेल्या खात्यात येतात. मध्येच सिम घेताना किंवा पोस्टात नवं खातं उघडलं असेल तर पैसे तिकडे जातील. माय आधारच्या साइटवर सीडिंग स्टेटस बघा, दोन मिनिटांचं काम. ओबीसीतून अर्ज करणाऱ्यांनी जात पडताळणी बारावीतच सुरू करावी. कुणबी, भंडारी घरांत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा शोधायचा असतो, तो बहुतेकदा आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये सापडतो. मुलींनो, टेक्निकल कोर्सला असाल तर एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती बघा, वर्षाला ५०,००० आहेत. ती मला दुसऱ्या वर्षी कळली, आणि अर्ज पहिल्या वर्षीच करायचा असतो. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मला हेवा वाटतो, लपवत नाही. मूलभूत विज्ञानाच्या पदवीला असाल आणि बारावी बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल तर केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० ची. साध्या पदवीला असाल आणि बारावीत आपल्या बोर्डाच्या वरच्या वीस टक्क्यांत असाल तर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर वर्षाला १२,००० ची केंद्राची योजना आहे. पुण्याला जाणार असाल तर विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहाचा अर्ज भराच.

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरच्या मुलांचा प्रश्न निराळा. घर आहे, होडी आहे, पण सातबारा नाही, मग अल्पभूधारक कसले? घरात कुणी चिऱ्याच्या, गवंडीकामाच्या कामावर असेल तर वर्षात ९० दिवस काम दाखवून बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होते, म्हणजे भत्त्यासाठी नोंदणीकृत मजुराची बाजू उघडते, आणि मंडळाच्या स्वतःच्याही शिष्यवृत्त्या आहेत. तो रस्ता बघा.

आणि हे वाचताना तुमचीही मुदत हुकली असेल तर घाबरू नका. पहिल्या वर्षी हुकलं म्हणून योजना बंद होत नाही. वारस नोंद आत्ताच टाका, फी सवलतीचा अर्ज वेगळा भरून मोकळे व्हा, आणि भत्त्यासाठी पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करा. मी तेच केलं. दुसऱ्या वर्षी दाखला हातात होता, अर्जावर एकदाही शेरा आला नाही, पैसे दोन हप्त्यांत आले. पहिल्या वर्षाच्या हॉस्टेलसाठी बाबांनी सातही कलमं दोन हंगामांच्या कराराने देऊन टाकली होती. त्यामुळे पैसे जमा झाले त्या मे महिन्यातही आमच्या अंगणात आंबा नव्हता, काकांनी जाताना मुंबईला न्यायला पेटी विकत घेतली.