आहे ती नोकरी सांभाळून दुसरी शोधताना

नोकरीत असताना दुसरी नोकरी शोधण्यात गैर काही नाही. साठ किंवा नव्वद दिवसांचा नोटिस पीरियड, घराचा हप्ता आणि मुलांची फी डोक्यावर असताना आधी राजीनामा देऊन मग शोधाला लागणे फार थोड्यांना परवडते. प्रश्न हा शोध कोणाच्या खर्चाने चालतो, याचा आहे. कंपनीची यंत्रे, कंपनीने पगार देऊन घेतलेला वेळ आणि कंपनीने विश्वासाने हाती दिलेली माहिती या तिन्ही गोष्टी आपण सरसकट 'ऑफिसच्या' म्हणतो. परंतु त्यांचे वजन सारखे नाही. गल्लत होते ती येथेच. ऑफिसच्या प्रिंटरवर दोन पाने काढताना ज्याचा हात अडखळतो, तोच माणूस ग्राहकाचा आख्खा अहवाल 'नमुना म्हणून उपयोगी पडेल' असे म्हणत स्वतःच्या जीमेलवर पाठवून मोकळा होतो.

सुरुवात नेमणूकपत्रापासून आणि कंपनीच्या संगणक-वापराच्या धोरणापासून करावी. रुजू होताना आपण त्यावर सही केलेली असते आणि बहुधा ते वाचलेले नसते. अनेक धोरणांत मर्यादित वैयक्तिक वापराला मुभा असते; विजेचे बिल भरणे किंवा रेल्वेचे तिकीट काढणे कोणी मनावर घेत नाही. नोकरीचा शोध या मुभेत बसतो का, हे ठरवण्यासाठी 'हे काम साहेबांसमोर करता येईल का' ही नेहमीची कसोटी फारशी कामाची नाही, कारण असा शोध गुप्त ठेवण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. त्याऐवजी असे विचारावे: माझ्या या कृतीची किंमत दुसरे कोणी मोजत आहे का? मी मुलाखतीला बसलो असताना माझे काम शेजारच्या टेबलावर सरकत असेल, तर उत्तर मिळालेच.

यंत्रांच्या बाबतीत नियम साधा ठेवावा: स्वतःचा फोन, स्वतःचे इंटरनेट, स्वतःचा ईमेल. येथे नीतीइतकाच व्यवहारही आहे. ऑफिसच्या वायफायवरून आपण आपल्याच फोनवर नोकरीचे संकेतस्थळ उघडले, तर आत काय वाचले ते सहसा दिसत नसले, तरी कोणते संकेतस्थळ उघडले याची नोंद राहू शकते. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर देखरेखीचे सॉफ्टवेअर असेल, तर मजकूरही वाचता येतो. ऑफिसच्या वर्डमध्ये तयार केलेल्या बायोडेटाच्या गुणधर्मांत कधी कधी कंपनीचे नाव जाऊन बसते आणि समोरच्या कंपनीतील चौकस माणसाला ते पहिल्याच क्लिकवर दिसते. सामाईक प्रिंटर वापरणाऱ्याचे नाव, फाइलचे नाव आणि वेळ नोंदवून ठेवू शकतो. मी स्वतः पूर्वीच्या एका नोकरीत बायोडेटाच्या प्रती काढल्या आणि फोन आला म्हणून जागेवर परतलो. दहा मिनिटांनी शिपायाने त्या पालथ्या घालून, एक शब्द न बोलता माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. त्या कागदांची किंमत वीस रुपयेसुद्धा नसेल, पण माझे गुपित मी विनाकारण त्याच्यावर लादले होते. घरी संगणक नसेल, तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात किंवा सायबर कॅफेत हे काम होते. मात्र तेथून निघताना लॉगआउट करायला आणि डाउनलोड झालेली फाइल पुसायला विसरू नये.

वेळेचा हिशोब यापेक्षा अवघड आहे. जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन भरती सल्लागाराशी दहा मिनिटे बोलणे, यात कोणाचे काही जात नाही. मुलाखतीसाठी मात्र रजा घ्यावी. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा ज्यांना लागू होतो, त्यांना वर्षाला 8 दिवसांची किरकोळ रजा मिळते आणि शिवाय अर्जित रजाही साठत असते. ती अशाच कामांसाठी असते. कारण विचारले तर 'वैयक्तिक काम आहे' एवढे पुरेसे असते. आजोबांना तिसऱ्यांदा मारायचे काही कारण नाही. खोटे कारण एकदा दिले, की त्याला सांधायला दुसरे लागते, आणि मध्येच सहकारी सांत्वनाला येतात तेव्हा मान वर होत नाही.

घरून काम करणाऱ्यांची परीक्षा अधिक कठीण असते. दुपारी तीन वाजता एका खिडकीत मुलाखत चालू आणि दुसऱ्या खिडकीत आपल्या नावापुढे हिरवा ठिपका, हे कोणाला दिसत नाही म्हणून चालण्यासारखे होत नाही. अर्ध्या दिवसाची रजा टाकावी किंवा वरिष्ठांना 'दोन तास उपलब्ध नाही, संध्याकाळी भरून काढतो' असे कळवून खरोखरच भरून काढावे. ज्यांच्या तासांचे बिल ग्राहकाला जाते, त्यांनी तर फारच जपावे. मुलाखतीचा तास टाइमशीटवर प्रकल्पाच्या नावाने टाकला, तर तो निव्वळ कामचुकारपणा उरत नाही. तिसऱ्याच माणसाकडून खोटे पैसे वसूल होतात.

माहितीच्या बाबतीत मात्र तडजोडीला जागा नाही. ग्राहकांच्या याद्या, दरपत्रके, कोड, आराखडे आणि अंतर्गत सादरीकरणे आपण रात्री जागून तयार केली असली, तरी सामान्यतः ती कंपनीचीच असतात. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातील माहिती उतरवून घेणे हे भरपाईस पात्र कृत्य आहे, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केले तर कलम 66 खाली 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या वादाला जुना इतिहासही आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधील एक पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून प्रतिस्पर्धी कारखान्यात गेला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले; 1967 साली न्यायालयाने कराराच्या उरलेल्या मुदतीपुरते त्याच्यावरचे निर्बंध योग्य ठरवले. करार संपल्यानंतर माणसाला त्याच्या धंद्यापासून रोखणारी अट भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 मुळे सहसा टिकत नाही, परंतु त्याचा अर्थ जुन्या मालकाची गुपिते सोबत नेण्याची मुभा मिळते असा होत नाही.

मग कामाचा नमुना दाखवायचा कसा? ग्राहकाचे नाव न घेता काम शब्दांत मांडावे: अडचण काय होती, आपला वाटा कोणता, परिणाम काय झाला. प्रत्यक्ष नमुना हवाच असेल, तर सुट्टीच्या दिवशी सार्वजनिक माहितीवर नवा करावा. मुलाखतीत कोणी सध्याच्या कंपनीचे दर किंवा येऊ घातलेल्या उत्पादनाची माहिती विचारली, तर 'ते मला सांगता येणार नाही' असे शांतपणे म्हणावे; जी कंपनी त्यावर नाराज होते, तिच्याविषयी आपल्यालाही काहीतरी कळते. नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठ्या आणि फॉर्म 16 हे मात्र आपले कागद आहेत. ते वेळच्या वेळी स्वतःकडे घेऊन ठेवण्यात संकोच करू नये.

सरकारी कर्मचाऱ्याला गुप्ततेची ही सोय फारशी नसते. त्याला योग्य मार्गाने, म्हणजे कार्यालयप्रमुखामार्फत अर्ज करावा लागतो किंवा ना हरकत प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून जाहिरात हाती पडताच नियम पाहून अर्ज द्यावा. कंपनीच माणसे कमी करत असेल, तर गोष्ट उलटी होते. अशा वेळी शोधासाठी वेळ, संगणक आणि शिफारसपत्र देण्यास अनेक व्यवस्थापक तयार असतात, फक्त ती परवानगी ईमेलवर मागून घ्यावी.

नवी नोकरी पक्की झाल्यावर लॅपटॉप परत करताना आपले फोटो आणि खासगी कागद काढून घ्यावेत, पण घाईघाईने सगळा फॉरमॅट करू नये. कंपनीची माहिती पुसून टाकणे हेही त्याच कलम 43 मध्ये येते. भविष्य निर्वाह निधीच्या खात्याला ऑफिसचा ईमेल किंवा ऑफिसने दिलेला मोबाइल क्रमांक जोडलेला असेल, तर तो शेवटच्या दिवसाआधीच बदलून घ्यावा, कारण तो बंद झाल्यावर ओटीपी येणार नाही.