जुनी लक्झरी सेडान: गाडी स्वस्त मिळते, तिचे सुटे भाग नाही

आठ-दहा वर्षं वापरलेली मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी तिच्या मूळ किमतीच्या लहानशा हिश्शात मिळते. पण तिचा वॉटर पंप, सस्पेन्शनचा स्ट्रट, गिअरबॉक्सचं ऑइल हे सगळं आजही महागड्या गाडीच्याच भावाने घ्यावं लागतं. म्हणून मागितलेली किंमत हा हिशेबाचा अर्धाच भाग समजा. आधीच्या मालकाने कोणती कामं पुढे ढकलली ते शोधायचं, त्यांचा खर्च किमतीत मिळवायचा आणि मग घ्यायची की नाही ते ठरवायचं.

इंजिन थंड असतानाच बघा

मालकाला आधीच सांगून ठेवा, की सकाळपासून गाडी सुरू करू नका. पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा, कारण गरम इंजिन बरेच दोष झाकून टाकतं. चावी फिरवल्यावर पहिले दोन-तीन सेकंद कान देऊन ऐका. टायमिंग चेनचा (व्हॉल्व्हची वेळ राखणारी साखळी) टेन्शनर, म्हणजे ती ताणून धरणारा भाग, कमजोर झाला असेल तर तेवढ्यापुरती खडखड येते आणि ऑइलचा दाब आला की थांबते. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेल इंजिनात ही चेन मागच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिथे पोचायला गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवावं लागतं, त्यामुळे भागापेक्षा मजुरीच जास्त होते. मर्सिडीजच्या सुरुवातीच्या एम२७२ व्ही६ इंजिनांत बॅलन्स शाफ्टचं (इंजिनाची थरथर कमी करणारा दांडा) दातेरी चाक झिजतं. तिथे आवाजाआधी चेक इंजिनचा दिवा आणि कॅमशाफ्टच्या वेळेचे एरर कोड येतात. यातलं काहीही दिसलं तर भाव करत बसू नका, दुसरी गाडी बघा.

ऑडीच्या २.० टीएफएसआय इंजिनांत, विशेषतः २००९ ते २०११च्या सुमाराच्या, पिस्टन रिंगांमुळे ऑइल जळतं. लेव्हल पूर्ण भरून हजार किलोमीटर चालवल्यावर अर्ध्या लिटरपेक्षा जास्त कमी झालं, तर टॉप-अप करत राहणं हा इलाज नाही. इंजिन उघडावं लागेल. थेट इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो, कारण तिथून पेट्रोल जातच नाही आणि व्हॉल्व्ह धुतला जात नाही. इंजिन थंड असताना मिसिंग (मध्येच अडखळणं), उतरलेला पिकअप ही त्याची लक्षणं. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या दाबाने मारून व्हॉल्व्ह साफ करतात. हा देखभालीचाच भाग आहे, त्यासाठी गाडी नाकारायची गरज नाही.

कुलिंग: सगळ्यात जास्त इंजिनं इथे जातात

या गाड्यांत कुलंटची टाकी, थर्मोस्टॅटचं घर, पाइपांचे जोड बहुतेक प्लास्टिकचे असतात. वर्षानुवर्षं तापून-निवून ते ठिसूळ होतात आणि हाताच्या दाबानेही तुटतात. टाकीच्या सांध्यावर, होजच्या टोकाला पांढरट किंवा रंगीत खरवड दिसली तर तिथून कुलंट पाझरतंय. खात्री करायची तर टाकीला प्रेशर टेस्टर लावा, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरा आणि १० मिनिटं थांबा. काटा खाली आला तर गळती आहे.

बीएमडब्ल्यूच्या एन५२, एन५४ यांसारख्या सहा सिलिंडरच्या इंजिनांत वॉटर पंप बेल्टवर चालत नाही, विजेवर चालतो. तो गळत नाही, कुरकुरत नाही, साधारण लाखभर किलोमीटरनंतर एके दिवशी एकदम बंद पडतो. गाडीने एक लाख ओलांडले असतील आणि पंप बदलल्याचं बिल नसेल, तर पंप आणि थर्मोस्टॅट दोन्हींचा खर्च आधीच धरा. दोन्ही एकदमच बदला, कारण उघडायची मेहनत तीच असते. पंपाचे ॲल्युमिनियमचे बोल्ट मात्र पुन्हा वापरू नका. एकदा ताणले की ते पुढच्या खेपेला तुटतात.

नवा पंप बसवल्यावर खरी चूक हवा काढताना होते. नुसतं कुलंट ओतून इंजिन सुरू केलं तर हवा अडकते, हेड तापतं आणि गॅस्केट जातं. रीत अशी: बॅटरीला चार्जर लावा, टाकी भरा, इंजिन सुरू न करता इग्निशन ऑन करा. हीटर सगळ्यात गरम, पंखा सगळ्यात कमी. मग ॲक्सिलरेटर तळापर्यंत १० सेकंद दाबून धरा. पंप आपोआप सुरू होतो आणि साधारण १२ मिनिटं कुलंट फिरवत राहतो. टाकीजवळ कान नेला तर आधी गुळगुळ आवाज येतो, मग तो शांत होत जातो. लेव्हल खाली गेली तर भरा आणि सगळं पुन्हा एकदा करा. कुलंट रंग बघून घेऊ नका, मॅन्युअलमधला स्पेसिफिकेशन क्रमांक जुळवून घ्या.

काटा लाल पट्टीत गेला तर गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. "जवळच जायचंय" म्हणून पुढे नेलेल्या दोन किलोमीटरमध्ये ॲल्युमिनियमचं हेड वाकतं.

गिअरबॉक्स

"लाइफटाइम ऑइल, बदलायची गरज नाही" यावर विश्वास ठेवू नका. बीएमडब्ल्यू, ऑडी, जॅग्वार यांत वापरलेल्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिक बॉक्सची निर्माती झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं यांत ऑइल बदलायला सांगते. या बॉक्समध्ये ऑइल पॅन आणि फिल्टर हा एकच प्लास्टिकचा भाग आहे, म्हणून फिल्टरसाठी पूर्ण पॅन घ्यावा लागतो. त्याच वेळी मेकॅट्रॉनिकच्या (गिअर बदलणारं बॉक्समधलं कंट्रोल युनिट) प्लगची स्लीव्ह बदलून टाका. तिची रबर रिंग कडक झाली की बॉक्सच्या बाजूने ऑइल उतरू लागतं.

लेव्हल लावताना गाडी लिफ्टवर सपाट असावी, इंजिन चालू असावं आणि स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून माहिती वाचणारं यंत्र) ऑइलचं तापमान ३० ते ५० अंशांच्या मध्ये दिसावं. भरायच्या भोकातून बारीक धार बाहेर येऊ लागली की प्लग लावायचा. इंजिन बंद ठेवून भरलं तर ऑइल कमी पडतं आणि "ऑइल बदललं आणि बॉक्स गेला" अशी ओरड होते. दोष ऑइलचा नसतो, भरण्याच्या पद्धतीचा असतो.

चाचणीत ब्रेक दाबून डी आणि आर एकामागून एक लावा. गिअर बसायला दोन सेकंद लागले किंवा धक्का बसला तर सावध व्हा. मग ५० ते ८०च्या वेगात हलकं ॲक्सिलरेटर ठेवा. बारीक गतिरोधकांवरून गेल्यासारखी थरथर आली, तर टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिनाची ताकद बॉक्सपर्यंत पोचवणारा भाग) क्लच संपत आला आहे. मर्सिडीजच्या पाच गिअरच्या ७२२.६ बॉक्समध्ये तेरा पिनांच्या कनेक्टरची रिंग गळते आणि ऑइल वायरच्या आतून चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. युनिटचा प्लग ओढून बघा. पिना ओल्या असतील, तर वेळेत न बदललेल्या अगदी स्वस्त भागाने महागडं युनिट धोक्यात आणलंय.

सस्पेन्शन

एअर सस्पेन्शन असेल तर फुटपट्टी न्या. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजू मोजा, गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी सुरू न करता पुन्हा मोजा. एक कोपरा सेंटीमीटरभर खाली आला तरी त्या बाजूच्या रबराला चिरा आहेत असं समजा. गळती लहान असताना कुणाचं लक्ष जात नाही, पण ती भरून काढायला कॉम्प्रेसर दिवसभर धावतो आणि जळतो. म्हणून नुसता कॉम्प्रेसर बदलू नका, आधी गळती बंद करा, नाहीतर नवाही जाईल.

ऑडी ए६सारख्या गाडीच्या पुढच्या बाजूला आठ आर्म (चाकांना गाडीशी जोडणारे दांडे) आहेत. खडखड एकाच आर्मची असली तरी डाव्या-उजव्या जोडीने बदला आणि नंतर अलाइनमेंट करा. बुशचे (आर्मच्या टोकातले रबरी जोड) बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना घट्ट आवळू नका. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन सस्पेन्शनवर, मग शेवटचं आवळणं. लटकत्या अवस्थेत आवळलेलं बुश गाडी खाली येताच कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

वीज, पाणी, ब्रेक

सनरूफचे निचऱ्याचे पाइप तुंबले की पाणी गालिच्याखाली उतरतं, आणि तिथेच वायरिंग, कधीकधी मॉड्यूलही असतं. पायाजवळचा गालिचा तळहाताने जोरात दाबून बघा. ओल किंवा कुबट वास आला तर इलेक्ट्रिकल बिघाडांची रांग लागणार. बॅटरी वारंवार उतरत असेल तर गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास सोडा आणि करंट मोजा. ५० मिलिॲम्पिअरपेक्षा बराच जास्त असेल तर काहीतरी झोपत नाहीये. बीएमडब्ल्यूत नवी बॅटरी स्कॅनरने नोंदवावी लागते, नाहीतर गाडी तिला जुनीच समजून चार्ज करत राहते.

२००६च्या फेसलिफ्टआधीच्या डब्ल्यू२११ ई-क्लासमध्ये एसबीसी नावाची इलेक्ट्रो-हायड्रॉलिक ब्रेक यंत्रणा आहे. तिचं युनिट ब्रेक किती वेळा दाबला ते मोजतं आणि मर्यादा संपली की इशारा देतं. युनिट कधी बदललं ते कागदावर बघा. डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, ती व्हर्नियरने जुळवा. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा.

खर्च किती धरायचा

पहिल्या वर्षासाठी खरेदी किमतीच्या २० ते २५ टक्के रक्कम वेगळी ठेवा, असं आमचं मत. ती नसेल तर एक पायरी खालची गाडी घ्या. भाग घेताना गाडीच्या कंपनीचा डबा टाळून मूळ पुरवठादाराचा घ्या: आर्मसाठी लेमफर्डर, इलेक्ट्रिक पंपासाठी पिअरबर्ग. बऱ्याचदा तोच भाग कमी पैशांत मिळतो. निनावी नकली पंप आणि सेन्सर मात्र कधीच नको.

सौदा करण्याआधी स्कॅनर लावाच. एकही एरर नाही, पण रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्या का ते सांगणाऱ्या नोंदी) अपूर्ण दाखवत असतील, तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात किंवा बॅटरी काढलेली असू शकते. मालकाला तीन-चार दिवस नेहमीसारखी गाडी चालवू द्या आणि मग पुन्हा स्कॅन करा. त्याची तयारी नसेल तर तिथूनच परत फिरा.