आपल्या गावात नळ आणि वीज पहिल्यांदा कधी आली, हे शोधायचं कसं

गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा वाद अधूनमधून होतोच. एक म्हणतो नळ इंग्रजांनी आणला, दुसरा म्हणतो छे, संस्थानिकांनी, तिसरा कुठला तरी बिनतारखेचा काळापांढरा फोटो टाकतो आणि मग गुड मॉर्निंगच्या मेसेजखाली सगळं गाडलं जातं. खरं तर याचा नीट छडा लावता येतो, इतिहासाची डिग्री लागत नाही, चपला झिजवायची तयारी आणि रेकॉर्डवाल्या भाऊसाहेबांशी गोड बोलायची सवय एवढं पुरतं. खाली उदाहरणं बरीचशी पुण्या-मुंबईची आहेत कारण तिथला कागद भरपूर आहे, तुम्ही आपलं गाव त्यात बसवून घ्या.

सुरुवातीलाच एक सांगतो, "पाणी कधी आलं" एवढंच विचारत बसलात तर कोनशिलेवरच्या तारखेपुढे जाणार नाही. कुणाच्या दारात आधी आलं, कुणाच्या शेवटी, आणि पैसे कुणी भरले, हे शोधायला घेतलं की मग खरी मजा.

आधी तारखांचा घोळ मिटवा

वहीत एका पानावर चार रकाने पाडा: मंजुरी, काम सुरू, उद्घाटन, आणि साध्या घरात कनेक्शन. ग्रुपवर भांडणारे चारही जण बहुतेक वेळा बरोबर असतात, फक्त प्रत्येकाने वेगळा रकाना धरलेला असतो. मुंबईची वीजच बघा. १८८२ मधे क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले, पण दिवे पुरवणारी कंपनी एक-दोन वर्षांतच बुडाली आणि मार्केट परत गॅसबत्तीवर आलं. मग १९०५ ला बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी उभी राहिली, वाडीबंदरला वीज तयार व्हायला लागली, १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावली, आणि पालिकेने ही कंपनी ताब्यात घेतली ती ऑगस्ट १९४७ मधे. आता यातली "मुंबईत वीज आली" ती तारीख कोणती, सांगा बघू! पाण्याचंही तसंच, विहारचं काम १८५६ ला सुरू, १८६० ला पाणी, पण ते पुरेना म्हणून १८७९ ला तुळशी आणि १८९२ ला तानसा. पहिलं पाणी आणि पुरेसं पाणी यात मधे तीसेक वर्षं गेली, आणि तरी टंचाई काही संपली नाहीच.

राज्य कुणाचं होतं ते बघा

हे लोक विसरतात आणि मग चुकीच्या दप्तरात महिनोन्‌महिने शोधत बसतात. पुणे, सातारा, नाशिक, सोलापूर शहर हे मुंबई इलाख्यात. कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, सावंतवाडी ही संस्थानं, म्हणजे त्यांचे हुकूम, त्यांचे खर्च त्यांच्याच दरबारी कागदात. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे, तिथले जुने कागद उर्दूत निघायची शक्यता धरून चला. नागपूर-विदर्भ मध्यप्रांत आणि वऱ्हाडात. आणि गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज, तिथे पोर्तुगीज वाचणारा एखादा म्हातारा वकील किंवा पाद्री गाठावा लागतो.

मग सरळ चालायला निघा

वाचनाच्या आधी चाला. आधी वाचलं की पुस्तकात आहे तेवढंच दिसतं. नदी किंवा तलावापासून निघा आणि गावातल्या सगळ्यात उंच जागेकडे या, कारण पंप नव्हते तेव्हा पाणी उतारानेच यायचं आणि पंप आल्यावर टाकी उंचावरच बांधायला लागली. पुण्यात हे फार छान दिसतं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजला तलाव बांधून तिथून जमिनीखालून दगडी नळ थेट शनिवारवाड्यापर्यंत आणला. नळ म्हणजे पाइप नव्हे हां, माणूस आत चालत जाऊ शकेल एवढा बोगदा. वाटेत पेठांमधे हौद: काळा हौद, बदामी हौद, फडके हौद. यातले कितीतरी हौद आज बुजलेत पण चौकाला, बसस्टॉपला नाव चिकटून राहिलंय. म्हणून गावातली नावं आधी लिहून काढा: हौद, बंब, पाणदरवाजा, टाकी चौक, पॉवर हाऊस, विहीर गल्ली. यातली निम्मी नावं तुम्हाला एखाद्या खऱ्या जागेवर नेऊन सोडतात.

आणि उच्छ्वास शोधा. कात्रजच्या नळावर ठराविक अंतराने चुन्या-दगडाचे उभे मनोरे आहेत, त्यांना उच्छ्वास म्हणतात, नळातली हवा बाहेर पडायला आणि आत उतरून गाळ काढायला. रस्त्याच्या कडेला, सोसायटीच्या आवारात असा एखादा उभा असतो, त्याला टेकून स्कूटर लावलेली असते, वर पिंपळ उगवलेला असतो आणि शेजारच्या दुकानदाराला विचारलं तर तो बेधडक सांगतो की जुनी समाधी आहे. एक सापडला की त्याच्या रेषेत पुढे-मागे बघत चला. फोनच्या मॅपवर पिना टाकत गेलात तर दिवस मावळायच्या आत नळाची वाट तुमच्यासमोर आखलेली असते. छत्रपती संभाजीनगरवाल्यांनी हेच मलिक अंबरच्या नहरीवर करावं, ती तर याच्याही शंभरएक वर्षं आधीची.

इंग्रजी काळाच्या खुणा वेगळ्या. बिडाची झाकणं, त्यावर कारखान्याचं नाव आणि कधीकधी साल ओतलेलं असतं. रस्त्याच्या कडेचे बिडाचे नळ, नळकोंडाळ्याचा दगडी ओटा. विजेसाठी जुने लोखंडी खांब, आणि जुन्या वाड्यात काळे गोल पितळी बटणांचे स्विच, चिनीमातीचे फ्यूज, मीटरवर कंपनीचं नाव. मीटरचा फोटो घ्यायच्या आधी घरमालकाला विचारा, नाहीतर ते तुम्हाला वीजचोरी पकडणाऱ्या पथकातले समजतात.

गॅझेटिअर उघडा, पण डोळे मिटून नको

मुंबई इलाख्याची जिल्हावार जुनी गॅझेटिअर्स, म्हणजे इंग्रज सरकारने जिल्ह्याची सगळी माहिती गोळा करून छापलेली पुस्तकं, कॅम्पबेलच्या संपादनाखाली निघालेली, राज्य सरकारच्या दर्शनिका विभागाने इंटरनेटवर मोफत ठेवलीत. आपला जिल्हा काढा, मग शेवटच्या "ठिकाणं" या भागात आपलं गाव, त्यात पाणीपुरवठा. पुण्याचा शहराचा खंड १८८५ चा आहे आणि त्यात पेशवेकालीन नळांपासून खडकवासल्यापर्यंत सगळं खर्चासकट दिलंय.

मात्र लिहिणारा साहेब आहे हे लक्षात ठेवूनच वाचा. खडकवासला धरण १८६९ ते १८७९ मधे बांधलं, कर्नल फाइफचं नाव त्याच्या तलावाला दिलं, हे ठळक येतं. पण त्या योजनेत शेतीच्या पाण्याबरोबर पुणे आणि खडकीच्या लष्करी छावण्यांना पाणी हा मोठा हेतू होता, ते तुम्हाला ओळींमधून उचलावं लागतं. कालवा नकाशावर बघा आणि कुठल्या भागाला आधी तोट्या मिळाल्या त्यावर खूण करा, ब्रिटिश काळातल्या छावणीच्या गावांत हा नकाशा फार बोलका निघतो. दानशूर लोकांचीही नोंद घ्या. बंडगार्डनचा बंधारा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झाला, तसे प्रत्येक गावात एखादे शेठ, एखादे इनामदार असतात ज्यांनी नगरपालिकेच्या आधी पाण्याला पैसे दिले.

खरा खजिना: प्रोसिडिंग बुक

नगरपालिकेच्या सभांचे ठराव ज्यात लिहायचे ती जाड बांधणीची पुस्तकं. रेकॉर्ड रूममधे असतात, वाळवीने खाल्ली नसतील तर. सरळ मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने साधा अर्ज द्या, काय बघायचंय ते वर्षांसकट लिहा. नुसतं "जुना इतिहास" लिहिलंत की उत्तर "सदर अभिलेख उपलब्ध नाही". दाद दिली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, आणि प्रती मागण्याऐवजी अभिलेख पाहणी मागा, म्हणजे स्वतः बसून पानं उलटता येतात. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, म्हणून पाण्याचा वेगळा करा, दिवाबत्तीचा वेगळा. जुने ठराव मोडीत निघाले तर घाबरू नका, पुरालेख खात्याचे मोडीचे वर्ग चालतात, तिथले विद्यार्थी असलं काम आनंदाने करतात.

पुस्तक हातात आलं की उद्घाटनाचं पान शोधत बसू नका, जमाखर्च बघा. दिवाबत्ती या सदराखाली रॉकेल, वाती, काचा, आणि संध्याकाळी शिडी खांद्यावर घेऊन कंदील लावत फिरणाऱ्या माणसाचा पगार असतो. ज्या वर्षी रॉकेलचा खर्च घसरायला लागतो आणि वीज कंपनीचं बिल दिसायला लागतं, त्या वर्षी तुमच्या गावात वीज आली. आणि दिवे लावणाऱ्याचा पगार ज्या वर्षी बंद होतो, त्या वर्षी ती शेवटच्या गल्लीपर्यंत पोचली असं धरायला हरकत नाही. मधली वर्षं मोजा, काही गावांत ती बरीच निघतात. पाणीपट्टीचंही हेच, खासगी नळ किती आणि सार्वजनिक किती हे आकडे शेजारी मांडा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सार्वजनिक पाणी म्हणजे सगळ्यांचं पाणी असं आपण धरून चालतो, पण तसं ते नव्हतं, आणि हे कोनशिलेवर कधीच लिहिलेलं नसतं. जोतीराव फुल्यांनी १८६८ मधे पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तो करावा लागला यातच शहराच्या बाकीच्या हौदांचं काय चाललं होतं ते कळतं. महाडचं प्रकरण तर ठरावांच्या भाषेतच वाचायला हवं. १९२३ मधे मुंबई कायदेमंडळात तिथले सदस्य सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ मधे महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं असल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्याच वर्षी ऑगस्टमधे नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला! पुढे कोर्टकज्जे होऊन हायकोर्टाचा निकाल बाजूने लागायला १९३७ उजाडलं. म्हणून आपल्या गावच्या पुस्तकात १९२३ नंतरची पानं मुद्दाम काढा, बोले ठरावावर तुमच्या नगरपालिकेने काय केलं ते बघा. काही केलं नसेल तर तेही लिहा. आणि वस्तीवरच्या नळकोंडाळ्याची मंजुरी कोणत्या साली झाली ते मुख्य पेठेच्या सालाशेजारी मांडा.

विजेचा कागद कुठे मिळतो

१९१० च्या वीज कायद्यात खासगी कंपनीला सरकार लायसन्स द्यायचं आणि ते राजपत्रात छापून यायचं, त्यात कंपनीने कुठल्या हद्दीत वीज द्यायची ते लिहिलेलं असतं. ठराविक वर्षांनी कंपनी विकत घ्यायचा पहिला हक्क स्थानिक संस्थेला होता, त्यामुळे ती मुदत जवळ आली की नगरपालिकेत घ्यायची की नको यावर जोरदार भांडणं झालेली सापडतात, ती पानं जरूर वाचा. पुढे १९४८ चा कायदा, १९६० मधे महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, आणि २००५ मधे त्याचे तुकडे होऊन महावितरण, हा क्रम ध्यानात ठेवला की जुन्या बिलावरचं नाव बघूनच काळ ओळखता येतो.

वीज आली कुठून तेही शोधा. गावात डिझेलवर चालणारं छोटं पॉवर हाऊस होतं की लांबून तार आली? खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ ला सुरू झालं ते मुंबईच्या गिरण्यांसाठी, धरणं मात्र मावळात. नंतर मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह झाला. मुंबईतल्या दिव्याचा इतिहास लिहिताना ज्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली त्यांची बाजू सोडली तर तो अर्धाच.

म्हाताऱ्या माणसांशी बोला, पण प्रश्न नीट विचारा

"आजी, नळ कोणत्या साली आला?" असं विचारलंत तर "लई वर्षं झाली बाबा" एवढंच मिळेल. त्याऐवजी विचारा, "लग्न होऊन आलात तेव्हा पाणी कुठून भरायचात?", "पहिलं लेकरू झालं तेव्हा घरात बल्ब होता का चिमणी?" सगळ्यांना आठवतील अशा खुंट्या वापरा: गांधीवधानंतरची जाळपोळ, १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, ७२ चा दुष्काळ. पुण्यात पानशेतबरोबर खडकवासलाही फुटलं आणि नळच बंद पडले, तेव्हा वाड्यांतल्या जुन्या विहिरी परत वापरात निघाल्या, हे सांगणारी माणसं अजून आहेत. बायकांना जरूर विचारा, पाणी त्यांनीच भरलंय, रांगेत कुणाचा हंडा पुढे आणि कुणाचा बाजूला ठेवायला लावायचे हे पुरुषांना ठाऊक नसतं किंवा सांगायचं नसतं. चावीवाल्यालाही गाठा, वडिलांच्या जागी लागलेला असेल तर उत्तम, कुठली लाइन कधीची आणि कुठल्या आळीला आजही पाणी शेवटी जातं हे त्याला तोंडपाठ असतं.

सांगितलेलं सगळं खरं धरू नका, दोन वेगळ्या घरांतून तीच गोष्ट आली किंवा ठरावाशी जुळली तरच पक्की म्हणून वहीत लिहा. जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली, ज्ञानप्रकाश, केसरी किंवा तुमच्या जिल्ह्याचं साप्ताहिक, नगरवाचनालयात मिळतात, त्यात तक्रारींची पत्रं वाचा, उद्घाटनाच्या बातमीपेक्षा "आमच्या पेठेत आठ दिवस पाणी नाही" छापाच्या पत्रांत जास्त माल असतो.

फोटो काढताना आधी पुस्तकाचं मुखपृष्ठ, मग पान क्रमांकासकट पूर्ण पान, मग हवी ती ओळ जवळून, फ्लॅश बंद ठेवून. फाइलला साल आणि ठराव क्रमांकाचं नाव त्याच दिवशी द्या. आणि सगळ्याचा एक संच पेन ड्राइव्हवर नगरवाचनालयाला देऊन पोच घ्या.