रॅबिटएमक्यू क्लस्टरमध्ये एकच नोड राबतोय? या चुका टाळा

रॅबिटएमक्यू म्हणजे एका अॅपचे मेसेज रांगेत (क्यूत) धरून दुसऱ्या अॅपला देणारं सॉफ्टवेअर. त्याचा तीन नोडचा (म्हणजे सर्व्हरचा) क्लस्टर लावला की काम आपोआप तीन वाटे होऊन जाईल, हा समज आधी डोक्यातून काढा. रॅबिटएमक्यूत क्लासिक, म्हणजे साधी क्यू एकाच नोडवर राहते. क्वोरम क्यूच्या (बहुमताने चालणाऱ्या) वेगवेगळ्या नोडवर डिफॉल्ट 3 कॉपी असतात खऱ्या, पण पब्लिश (मेसेज टाकणं) काय नि कन्झ्यूम (मेसेज घेणं) काय, सगळं लीडरच्या, म्हणजे मुख्य कॉपीच्या, हातून जातं, बाकीचे दोघं मुख्यतः कॉपी सांभाळतात. सगळे लीडर एकाच नोडवर जमले की त्याचा सीपीयू लाल आणि बाकीचे निवांत.

आमच्याकडे हे झालं पॅचिंगनंतर. शनिवारी रात्री एकेक करून तिन्ही नोड रीस्टार्ट केले, सगळं हिरवं दिसलं, झोपलो. सोमवारी ट्रॅफिक आला आणि तिसरा नोड रिकामा, आम्ही मात्र दोन तास नेटवर्कला शिव्या घालतोय. गणित साधं होतं: नोड बंद झाला की त्याचे लीडर दुसरीकडे जातात, आणि तो परत आला तरी ते आपणहून परत येत नाहीत, त्यामुळे जो सगळ्यात शेवटी रीस्टार्ट होतो त्याच्याकडे लीडर उरतच नाही. रीस्टार्टच्या चेकलिस्टमध्ये शेवटची ओळ 'रॅबिटएमक्यू-क्यूज रिबॅलन्स क्वोरम' ही लीडर नोडवर पुन्हा सारखे वाटणारी कमांड असलीच पाहिजे. तपासायचं असेल तर मॅनेजमेंट यूआयमध्ये क्यूजच्या पानावर नोडचा कॉलम बघा, दहा सेकंदांत कळतं.

पण एक भानगड आहे, रिबॅलन्स लीडरची संख्या मोजतं, लोड नाही. एका नोडवर दहा झोपलेल्या क्यू आणि दुसऱ्यावर दहा धावणाऱ्या, तरी त्याच्या हिशेबात समसमान! आणि तुमची सगळी गर्दी एकाच जाड क्यूवर असेल तर रिबॅलन्सने काहीच होणार नाही, कारण एक क्यू म्हणजे साधारण एका कोअरचं काम. तिथे क्यूच फोडावी लागते. कन्सिस्टंट हॅश एक्सचेंजचं प्लगिन (मेसेज एखाद्या किल्लीनुसार अनेक क्यूंत वाटणारं) लावा, ग्राहक आयडी ही किल्ली घेऊन हॅश करा, म्हणजे एका ग्राहकाचे मेसेज एकाच क्यूत क्रमाने राहतात.

दुसरी चूक क्यू बनवतानाच होते. लीडर कुठे बसणार हे ठरवणाऱ्या लीडर लोकेटरचं डिफॉल्ट सेटिंग 'क्लायंट-लोकल' आहे, म्हणजे ज्या नोडला अॅप जोडलंय तिथेच लीडर. स्प्रिंग (जावाचं फ्रेमवर्क) नोडच्या अॅड्रेसच्या यादीत वरून सुरुवात करतं, मग सगळे पहिल्या नोडवर, आणि सगळ्या क्यूपण तिथेच. लीडर लोकेटर 'बॅलन्स्ड' करा, फक्त लक्षात ठेवा की तो नव्या क्यूंनाच लागू होतो.

लोड बॅलन्सर आहे ना, मग काय, असं म्हणणारे बरेच भेटतात. तो कनेक्शन वाटतो हो, काम नाही! कनेक्शन चुकीच्या नोडवर पडलं तर तो नोड मेसेज लीडरकडे ढकलतो, वर एक हॉप जास्तीचा. शिवाय ही कनेक्शन दिवसेंदिवस चालू राहतात, त्यामुळे एकदा एका बाजूला झुकली की तशीच राहतात.

आता प्रीफेच, म्हणजे पोचपावती यायच्या आधी कन्झ्यूमरला (मेसेज घेणाऱ्या अॅपला) एका वेळी किती मेसेज द्यायचे तो आकडा. पंगतीत वाढप्याने पहिल्याच पानावर सगळ्या पुरणपोळ्या रिकाम्या केल्या आणि बाकीचे ताट चाटत बसले, अगदी तसंच. प्रीफेच 0 म्हणजे शून्य नाही, अमर्याद! पहिला कन्झ्यूमर सगळं उचलतो, मागून दहा नवे सर्व्हर लावा, त्यांना काही मिळत नाही. अनअॅक्डचा (उचललेल्या पण पोचपावती न आलेल्या मेसेजचा) आकडा मोठा, रेडी (क्यूत वाट बघणारे) शून्य आणि तरी काम रखडलेलं, तर संशय इथेच घ्या. स्प्रिंगचं डिफॉल्ट 250 आहे. सेलरीत (पायथॉनची कामं वर्करना वाटणारी लायब्ररी) प्रत्येक प्रोसेसमागे मल्टिप्लायर 4, म्हणजे 8 प्रोसेसचा वर्कर 32 मेसेज धरून बसतो. छोट्या कामाला चालतं, पण एकेक काम पाच मिनिटांचं असेल तर 1 ठेवा, माझं मत विचाराल तर आधी 1 ठेवून मोजा आणि मगच वाढवा.

आणि चौथा नोड जोडून वाट बघत बसू नका, जुन्या क्यू तिकडे जात नाहीत. 'ग्रो' कमांडने सगळ्या क्यूंची जास्तीची कॉपी नव्या नोडवर टाकायचा मोह होतो, पण 4 कॉपींना बहुमत 3 चं लागतं, म्हणजे सहन होतो तो तरीही एकच नोड पडणं, लिहिण्याचा खर्च मात्र वाढला. त्यापेक्षा निवडक जड क्यूंची एक कॉपी नव्या नोडवर टाका, जुन्या नोडवरची एक काढा, मग रिबॅलन्स.