अभ्यासाच्या ब्रेकमधला गेम: या चुका टाळा

पाच मिनिटांचा ब्रेक पाऊण तासाचा झाला, की पोराला बोलणी बसतात. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत एक अभ्यासिका सांभाळतो. सोळा खुर्च्या आहेत आणि कोपऱ्यात तीन जुने कॉम्प्युटर. रोज बघून माझं मत पक्कं झालंय की बहुतेक वेळा पोराचा निर्धार कमी पडलेला नसतो, त्याने गेमच चुकीचा निवडलेला असतो. दहावी-बारावीची, नीटची, एमपीएससीची ही मुलंमुली तीन-तीन तास मान वर न करता वाचतात. त्यांना दहा मिनिटं गेम खेळावासा वाटला तर त्यात गैर काहीच नाही.

शिकायला बाहेरगावाहून कोल्हापुरात येणं जुनंच आहे. शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं ते अशाच मुलांसाठी. आजही राधानगरी, गगनबावडा, चंदगडकडची पोरं इथं कॉट बेसिसवर राहतात. लॅपटॉप असलाच तर थोरल्या भावाचा जुना, आणि मोबाइलची मेमरी कायम भरलेली. अशांना ब्राउझरमधला फुकट गेम सोयीचा पडतो. काही डाउनलोड करायला नको, पैसे नकोत, टॅब बंद केला की संपलं. पण ते खरंच संपावं यासाठी काही गोष्टी आधी बघाव्या लागतात.

निकाल न लागणारा गेम

खासबागेत कुस्ती निकाली झाली की मैदान उठून टाळ्या वाजवतं आणि बरोबरीत सुटली की हळहळतं. ब्रेकमधल्या गेमलाही मी हाच नियम लावतो. ज्याचा निकाल लागतो तो खेळा, लागत नाही तो सुट्टीच्या दिवसासाठी ठेवा.

आपला गोळा मोठा करत जायचा अगार डॉट आयओ २०१५ साली आला, साप वाढवायचा स्लिदर डॉट आयओ २०१६ साली. दोन्ही फुकट आणि दोन्ही मजेदार. पण त्यात समोर जगभरची खरी माणसं खेळत असतात, त्यामुळे मध्येच थांबवायची सोय नाही. तुम्ही मोठे झालात की सोडवत नाही, मेलात की लगेच नवीन डाव सुरू होतो. कुकी क्लिकरसारखे गेम तर आकडा वाढवत बसण्यासाठीच केलेले आहेत, त्यांना शेवटच नाही. गेल्या हिवाळ्यात एक पोरगा सव्वाचारला ‘पाचच मिन्टं वो काका’ म्हणून साप वाढवायला बसला. साडेपाचला मी दिवे लावायला उठलो तेव्हा तो तिथंच होता. मी काही बोललो नाही, कारण त्याचं तोंडच उतरलं होतं.

याउलट सोपं सुडोकू, माइनस्वीपरचा सगळ्यात लहान डाव किंवा बुद्धिबळाची कोडी घ्या. माइनस्वीपरच्या लहान डावात नऊ गुणिले नऊ चौकोन आणि १० सुरुंग असतात, दोन-तीन मिनिटांत सोक्षमोक्ष लागतो. त्याचाच अवघड डाव ३० गुणिले १६ चा, ९९ सुरुंगांचा. ब्रेकमध्ये तो उघडणं हीच चूक.

बुद्धिबळासाठी माझी पसंती लिचेसला. थिबो ड्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरने २०१० साली सुरू केलेली ही साइट देणग्यांवर चालते, जाहिरात एकही नाही. फक्त इथं पोरांचा हिशेब चुकतो. पाच मिनिटांचा डाव म्हणजे प्रत्येकाला पाच मिनिटं, म्हणजे दोघांची मिळून दहा. पाच मिनिटांच्या ब्रेकमध्ये तो बसतच नाही. मग डाव अर्धवट टाकून उठायचं, समोरचा ताटकळत राहतो, आणि असं वारंवार केलं की साइट काही वेळ नवीन डाव खेळू देत नाही. त्यापेक्षा तिथलं पझल स्टॉर्म उघडा. तीन मिनिटांचं घड्याळ लावलेलं असतं, भराभर कोडी सोडवायची. सलग बरोबर आली तर थोडा वेळ वाढवून मिळतो, पण घड्याळ संपलं की गेमच तुम्हाला थांबवतो.

२०४८ चं वेगळं आहे

हा गेम आमच्याकडे सगळ्यात जास्त खेळला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गॅब्रिएले चिरुल्ली हा इटलीचा १९ वर्षांचा मुलगा, त्याने मार्च २०१४ मध्ये शनिवार-रविवारच्या सुट्टीत तो तयार केला आणि फुकट खुला केला. सोळा घरं, बाणाची चार बटणं, सारखे आकडे एकमेकांवर ढकलले की बेरीज होते. दोन आणि दोन चार, चार आणि चार आठ, असं २०४८ पर्यंत जायचं.

आता गणित करून बघा. प्रत्येक चालीला पाटीवर नवा दोन येतो, अधूनमधून चार. म्हणजे चालीमागे पाटीवरची एकूण बेरीज सरासरी सव्वादोनच्याही किंचित कमीने वाढते. २०४८ गाठायला ९०० च्या वर चाली लागणारच. सेकंदाला एक चाल धरली तरी पंधरा मिनिटं गेली. ‘हा डाव संपवून उठतो’ असं पाच मिनिटांच्या ब्रेकमध्ये म्हणणाऱ्याने हे आधीच ओळखलं पाहिजे.

पण याच गेमची एक चांगली सोय बऱ्याच जणांना माहीत नसते. मूळ साइटवर डाव अर्धवट सोडून टॅब बंद केला तरी पाटी जशीच्या तशी राहते, संध्याकाळी उघडली की तिथूनच पुढे. म्हणून इथं निकालाची वाट न बघता गजर वाजला की उठायचं. खेळतानाची नेहमीची चूक म्हणजे चारही बाण वापरणं. मोठा आकडा खालच्या एका कोपऱ्यात बसवा आणि फक्त डावा, उजवा, खाली एवढ्यावर खेळा. वरचा बाण अगदी अडल्याशिवाय दाबू नका, कारण तो दाबला की मोठा आकडा कोपरा सोडतो आणि त्याच्या जागी दोन येऊन बसतो.

‘काका, माझा ५१२ गेला’ अशी तक्रार आली की मी दोनच प्रश्न विचारतो. इनकॉग्निटोमध्ये खेळलास काय? की कुणी ब्राउझरचा डेटा साफ केला? गेमची ही नोंद त्याच ब्राउझरच्या पोटात असते, कुठल्या खात्यात नसते. इनकॉग्निटोची खिडकी बंद झाली की ती पुसली जाते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसलात तरी मिळत नाही.

बटणं दाबतोय पण काही हलत नाही

एका मुलीने मला दोनदा हाक मारून सांगितलं की कीबोर्ड बिघडलाय. डब्ल्यू, ए, एस, डी या बटणांनी गाडी हलायला हवी होती, ती जागची हलत नव्हती. कीबोर्ड ठणठणीत होता. तिच्या आधी तिथं बसलेला मुलगा मराठी टायपिंगचा सराव करून गेला होता आणि भाषा मराठी इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीवरच राहिली होती. इनस्क्रिप्टमध्ये डब्ल्यू दाबलं की ऐकाराच्या दोन मात्रा येतात, एसवर एक मात्रा, एवर ओकार आणि डीवर हलन्त. काही गेम बटणाची जागा ओळखतात, ते चालतात. काही गेम आलेलं अक्षर बघतात, आणि त्यांना मात्रेचं काय करायचं हे कळत नाही. विंडोजचं बटण धरून स्पेस दाबा, भाषा इंग्रजी होईल. बाणाच्या बटणांना हा त्रास होत नाही.

तरीही हलत नसेल तर गेमच्या चौकटीत एकदा माउसने क्लिक करा. क्लिक केलेलं नसलं की स्पेस दाबल्यावर गेममधला उडी मारत नाही, पानच खाली सरकतं. आणि खाली वाकण्यासाठी कंट्रोल वापरणाऱ्या गेमपासून सांभाळून राहा. कंट्रोल दाबलेलं असताना पुढे जायला डब्ल्यू दाबलं की टॅबच बंद होतो. कंट्रोल, शिफ्ट आणि टी एकदम दाबलं तर टॅब परत येतो, डाव मात्र बहुधा गेलेला असतो.

गेम अडखळत असेल तर उगाच नवीन लॅपटॉपचा विषय घरी काढू नका. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा, कुठला टॅब किती मेमरी खातोय ते दिसतं. बहुतेक वेळा मागे उघडा राहिलेला लेक्चरचा व्हिडिओ निघतो. सेटिंगमधल्या सिस्टिम या भागात हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद असेल तर ते चालू करून ब्राउझर पुन्हा सुरू करा.

सगळ्यात महागात पडणारी चूक

‘फ्री गेम’ असं शोधून येईल त्या साइटवर जाणं. मला या बाबतीत खरंच काळजी वाटते, कारण नुकसान पोराचं एकट्याचं होत नाही. त्याच फोनवर घरच्यांचं यूपीआय असतं.

तिथं खेळायचं बटण लहान असतं आणि जाहिरातीचं हिरवं बटण मोठं. ब्राउझर गेमला काहीही डाउनलोड करावं लागत नाही, हे मनात पक्कं ठेवा. फाइल उतरायला लागली, साइट एक्स्टेन्शन टाका म्हणाली, एपीके (अ‍ॅपची फाइल) घ्या म्हणाली, की टॅब बंद. ‘फ्लॅश प्लेयर अपडेट करा’ असं आलं तर ते हमखास खोटं. फ्लॅश म्हणजे जुने ब्राउझर गेम ज्यावर चालायचे ते सॉफ्टवेअर. ते बनवणाऱ्या अडोबी कंपनीने त्याचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालणंच बंद केलं. जे आता अस्तित्वात नाही त्याचं अपडेट कुठून येणार? जुने फ्लॅश गेम आजही खेळता येतात, पण ते रफल नावाच्या इम्युलेटरवर, म्हणजे फ्लॅशची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, आणि तो बऱ्याच साइटनी स्वतःच बसवलेला असतो. तुम्हाला काही करावं लागत नाही.

आमच्या एका कॉम्प्युटरवर एकदा दर दोन मिनिटांनी उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडला’ अशी पाटी यायला लागली. अँटीव्हायरस चालवला, काहीच सापडलं नाही. कुणीतरी गेमच्या साइटने विचारल्यावर ‘अलाउ’ दाबलं होतं. त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळाली होती, आणि ती पाटी म्हणजे तिचीच जाहिरात होती. क्रोमच्या सेटिंगमध्ये गोपनीयता आणि सुरक्षा, तिथून साइट सेटिंग, तिथून सूचना, आणि अनोळखी नाव दिसलं की काढून टाका. अर्ध्या मिनिटात पाटी बंद झाली. अशा पाटीवर क्लिक करायचं नाही, त्यातल्या नंबरवर फोन तर अजिबात लावायचा नाही.

‘खेळा आणि पैसे जिंका’वाल्या गेमबद्दल एकच सांगतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली आहे, त्यामुळे पैसे भरा म्हणणारी साइट आली की समजून जा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. घरी सांगा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची शक्यता जास्त.

कॉलेजच्या लॅबमध्ये गेम बंद केलेले असतील तर ‘अनब्लॉक्ड’ नावाच्या साइट शोधू नका. त्या बहुधा कुणीतरी उचलेगिरी करून बनवलेल्या नकला असतात. आणि सामाईक कॉम्प्युटरवर गेमसाठी आपलं गुगल खातं उघडू नका. त्यासाठी क्रोममध्ये पाहुणा मोड आहे.

डोळ्यांचा ब्रेक वेगळा

फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून अभ्यास करायची जी पद्धत काढली, ती आमच्याकडे निम्मी पोरं वापरतात. २५ मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्या झाल्या की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी. माझं म्हणणं, पाच मिनिटांत गेम नकोच. पाणी प्या, गच्चीवर जाऊन लांबचं काहीतरी बघा. गेम मोठ्या सुट्टीत. पडद्यावर वाचून पडद्यावरच खेळलं तर डोक्याला बदल मिळतो, डोळ्यांना नाही. दर २० मिनिटांनी २० फुटांवरचं काहीतरी २० सेकंद बघायचं हा नेत्रतज्ज्ञांचा साधा सल्ला आहे, आणि आमच्या खोलीची लांबी २० फूट भरत नाही, म्हणून मी सगळ्यांना बाहेर काढतो.

जुलैच्या पावसात इंटरनेट गेलं की क्रोमचा डायनासोर खेळायला मिळतो. २०१४ पासून तो ब्राउझरमध्येच आहे, स्पेस दाबली की पळायला लागतो. डाव अर्ध्या मिनिटात संपतो, म्हणून ‘अजून एकच’ची खोड लागते. डाव किती खेळायचे ते आधी ठरवून बसा. आमच्याकडे तीन डाव असा ठराव आहे, आणि मोजायला शेजारचा.

शेवटची चूक ओळीची, म्हणजे सलग जिंकलेले दिवस मोडू नयेत म्हणून धडपडण्याची. वर्डल या इंग्रजी शब्द ओळखायच्या गेममध्ये दिवसाला एकच शब्द, सहा प्रयत्न, आणि खेळ संपला. जोश वॉर्डलने ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला केला, जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतला. ब्रेकसाठी यापेक्षा नेटका गेम मला माहीत नाही. पण तो किती दिवस सलग जिंकलात ते मोजतो, आणि नवा शब्द रात्री बाराला येतो. बारावीचा एक पोरगा ऐन परीक्षेत त्या शब्दासाठी बारापर्यंत जागा राहायचा. मी त्याला सांगितलं, तो शब्द दिवसभर तिथंच असतो, दुपारी जेवल्यावर खेळ. रसायनशास्त्राच्या पेपरच्या दिवशी तो खेळायचंच विसरला आणि ६१ दिवसांची ओळ तुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी डबा खाऊन त्याने चौथ्या प्रयत्नात शब्द काढला, आकडा पुन्हा एकवर आला, आणि तो टॅब बंद करून जीवशास्त्राची वही उघडून बसला.